चौऱ्यांशी लक्ष पाने

शोरूममध्ये शिंप्याची टेप घेऊन आलेले गिऱ्हाईक त्या पोराने आधी पाहिले नसावे. टेप बायकोची, ब्लाउज बेतायची, दीड मीटरची. गाडी मोजायला ती तीनदा लावावी लागत होती. मी पुढच्या बंपरपाशी ओणवा, बायको मागच्या दिव्यापाशी, आणि मधला जोड चुकू नये म्हणून टाय घातलेला तो पोरगा आपणहून अंगठा दाबून उभा राहिला. शेवटी त्यालाच आमची दया आली.

"सर, ३९९५ मिलिमीटर आहे. या साइजच्या बहुतेक गाड्यांची तेवढीच असते."

"म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी?"

"हो सर, एवढंच." त्याने चिमटी दाखवली.

"तुरीच्या दाण्याएवढं," बायको म्हणाली आणि टेप गुंडाळून तिने पर्समध्ये टाकली.

त्या तुरीच्या दाण्यावर आमच्या घरी पुढे पाच महिने वाद चालला.

मुळात नवी गाडी घ्यायची वेळ आली ती जुनीने मान टाकली म्हणून. सतरा वर्षांची होती बिचारी. २०२५ च्या एप्रिलात, चंद्रपूरहून मूलला जाताना, चिचपल्ली मागे टाकून केळझरच्या जंगलात शिरलो आणि भर दुपारी ती बंद पडली. दोन्ही बाजूंना पानगळ झालेला साग, रस्त्यावर मृगजळ, आणि समोरच वन्यप्राणी रस्ता ओलांडतात अशी पाटी. मी बॉनेट उघडून आत पाहत राहिलो. मला इंजिनातले काही कळत नाही, पण अशा वेळी आत पाहायचे असते. बायको काचा वर करून आत बसली होती. "वाघ आला तर?" तिने काच चार बोटे खाली करून विचारले. मी म्हटले, एवढ्या उन्हात वाघ बाहेर पडत नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. शेवटी बांबू भरलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हाला मूलपर्यंत ओढत नेले. मूलच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली, खर्रा तोंडात सरकवला आणि निदान सांगितले, "साहेब, इंजिन बनते. पन आता तिले सोडा."

मग घरात ठरले की भरवशाची, मध्यम आकाराची गाडी घ्यायची. दोन्ही शब्द निरुपद्रवी वाटले होते.

मध्यम म्हणजे काय, हे पहिल्या आठवड्यातच अडले. बायकोच्या दृष्टीने मध्यम म्हणजे जिच्यात चढउतार करताना कंबरेला झटका बसत नाही ती. माझ्या मेहुण्याच्या दृष्टीने सात जणांची. तो वडशाला राहतो, झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत त्याची भागी आहे, आणि दिवाळी ते होळी या हंगामात त्याचा जीव कलाकार, ऑर्गन आणि पडदे वेळेवर गावात पोहोचतील की नाही यात अडकलेला असतो. "भाऊजी, घ्यायचीच तर दांडगी घ्या," तो म्हणाला. गाडी माझी असली तरी हंगाम त्याचा, हे त्याने बोलून दाखवले नाही एवढेच. आणि सरकारच्या दृष्टीने मध्यम असे काही नसतेच. चार मीटरच्या आत ती छोटी, बाहेर ती मोठी.

ही चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पातली. चिदंबरम अर्थमंत्री होते. लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत, अशा गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. हेतू भला होता. पण रेघ दिसली की आपला माणूस तिच्या बरोबर अलीकडे येऊन उभा राहतो. बँकेत असताना पाहिलेय, सवलतीची मर्यादा ५० हजारांची असली की अर्ज ४९ हजार ९०० चे यायचे. गाड्यांनीही तेच केले. इंडिगोची 'सीएस' २००८ मध्ये आली ती मागून आखडलेली. डिझायर आधी ४१६० मिलिमीटर होती. २०१२ च्या नव्या डिझायरची डिकी कापून तिला ३९९५ वर बसवली. तिचा मागचा भाग पाहिला की मला नेहमी शाळेच्या फोटोत शेवटच्या रांगेतला, फोटोग्राफरने 'आत सरक' म्हटलेला मुलगा आठवतो.

आमचा वाद तेवढ्यावरही मिटला असता, पण सप्टेंबरात वस्तू व सेवा कराची परिषद बसली आणि घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, रेघेच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के कर झाला. आधी मोठ्या गाड्यांना उपकर धरून ४५ ते ५० टक्के पडायचे, तेव्हा स्वस्त दोन्ही झाल्या. पण दोघींमधला फरक आता कागदावर ठळक दिसू लागला. तुरीच्या दाण्याच्या अलीकडे अठरा, पलीकडे चाळीस.

"बरोबरच आहे," मुलगी म्हणाली. "ज्याची ऐपत जास्त, त्याने जास्त द्यायचं." ती धानोऱ्याकडे ग्रामसभांसोबत काम करते. तिला पगार कमी आणि मते भरपूर आहेत. माझे नेमके उलटे होते, म्हणून मी तिच्याशी जपून वाद घालतो.

मी म्हटले, "ऐपत मिलिमीटरमध्ये मोजतात का? छत उघडणारी, सीटमधून गार वारा सोडणारी गाडी चार मीटरच्या आत बसली की ती छोटी. आणि सात माणसांचं खटलं वाहून नेणारी साधी एर्टिगा सव्वाचार मीटरच्या वर जाते म्हणून ती चैनीची. हा कुठला न्याय?"

"मग बोलेरो घ्या," मेहुणा मधेच म्हणाला. "सात सीटा, आणि ३९९५."

हे खरे होते. गडचिरोलीच्या रस्त्यांवरची ती सम्राज्ञी, बघावे तिथे उभी असते, आणि तीही तुरीच्या दाण्याने छोट्यांतच बसते. बायकोने तिच्यात चढून पाहिले, उतरली, आणि कंबरेवर हात ठेवून नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. बोलेरो बाद झाली.

त्याच परिषदेत आणखी एक निर्णय झाला, तो चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांबाहेर फार कुणी वाचला नसेल. तेंदूपानावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. बिडीचाही २८ वरून १८ ठरला; म्हणजे बिडी आणि छोटी गाडी आता एकाच पंगतीत. मी हे घरात वाचून दाखवले आणि तिथेच चुकलो. कारण मुलीने कागद-पेन घेतले.

तेंदूचे गणित असे की एका पुड्यात ७० पाने, आणि भाव बोलतात तो शंभर पुड्यांचा. भाव गावागणिक आणि लिलावागणिक वेगळा. हिशेबाला सोपे जावे म्हणून तिने शंभर पुड्यांना हजार रुपये धरले. आमच्या मनातली गाडी, नोंदणी, विमा, रस्ता कर सगळे धरून बारा लाखांची. बारा लाखांचे झाले एक लाख वीस हजार पुडे. गुणिले सत्तर.

"चौऱ्यांशी लाख," ती म्हणाली आणि स्वतःच थांबली.

चौऱ्यांशी लक्ष योनी फिरल्यावर मनुष्यजन्म मिळतो असे माझी आजी सांगायची. चौऱ्यांशी लक्ष पाने तोडली की मध्यम आकाराची गाडी मिळते. पहाटे चारला उठून, अस्वल आधी आले नाही ना हे बघत, एकेक पान देठाशी खुडायचे, घरी आणून सत्तर-सत्तर मोजून सालीने बांधायचे, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन उन्हात मांडायचे. हंगाम मे महिन्यातला, दोन-तीन आठवड्यांचा. त्या वेगाने गाडी मिळेपर्यंत माणूस बऱ्याच योनी फिरून आला असेल.

"तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही सांगितलं, बाबा."

"नाही ना," मी म्हटले. रात्री मला झोप आली नाही. गाडी आठ लाखांची घेतली तर पाने छप्पन्न लाख होतात, हे मी अंधारातच काढून पाहिले. फार फरक पडत नव्हता.

झोप न यायला आणखी एक कारण होते. नोकरीची शेवटची बारा वर्षे मी कर्जमंजुरीच्या टेबलावर काढली. सिरोंच्यापासून सिंदेवाहीपर्यंतच्या शाखा. अर्जात 'उद्देश' म्हणून एक रकाना असतो. मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप, जे काही असेल ते अर्जदाराला तिथे पटवून द्यावे लागे, आणि पटवून घेणारा मी. कुरखेड्याकडचा एक शेतकरी सवारी जीपचे कर्ज मागायला आला होता. काळी-पिवळी टाकायची नव्हती, घरची गाडी हवी होती. मी त्याला विचारले, "घरात माणसे पाच. एवढी मोठी गाडी काहाले?" त्याच्याशी त्याच्या बोलीत बोललो की तो आपला वाटेल, अशी माझी समजूत होती. तो म्हणाला, "साहेब, गाडी माही राहीन, पन बसनारे माहे नसतेत ना." मला ते उत्तर कुठल्याच रकान्यात लिहिता येईना. 'गरजेपेक्षा मोठे वाहन' असा शेरा मारून मी रक्कम कमी केली. नियमाने ते बरोबर होते.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात दीडशे मर्सिडीज विकल्या गेल्या. पासष्ट कोटींची खरेदी, आणि एका सरकारी बँकेने त्यांना सात टक्क्यांनी कर्ज दिले. ट्रॅक्टरला तेव्हा बाराच्या आसपास पडत. पत्रकार पी. साईनाथांनी ते लिहिले आणि देशभर गाजले. आमच्या शाखेत त्यावर चहाच्या वेळी फक्त एक चर्चा झाली: मर्सिडीज बुडीत जात नाही, ट्रॅक्टर जातो. बँकेच्या भाषेत भरवसा म्हणजे तो. ज्याला कर्जाची गरज नाही तो सगळ्यात भरवशाचा कर्जदार. मी त्या वेळी मान डोलावली होती. आज तोच मी स्वतःच्या घरात अर्जदार म्हणून बसलो होतो, आणि मंजुरीच्या टेबलावर मुलगी होती.

विजेच्या गाडीचा विचार केला नाही असे नाही. पाच टक्केच कर, धूर नाही, आवाज नाही. धूर नाही हे पुण्याच्या माणसाने म्हणावे. चंद्रपूरच्या माणसाला ऊर्जानगरच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात. २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. पुण्याकडच्या गाडीचा धूर इकडे निघतो आणि सकाळी आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसतो. म्हणजे विजेची गाडी घेऊन निदान आपला धूर आपल्याच दारात निघाला असता, तेवढा प्रामाणिकपणा. पण भामरागडच्या रस्त्यावर चार्जिंग संपले तर काय, या प्रश्नाला मेहुण्याने "ढकलू की" असे उत्तर दिले आणि ती फाइल बंद झाली.

खरे तर भरवसा या शब्दाचा अर्थ मला मूलच्या त्या मिस्त्रीकडूनच कळला. नव्या गाडीबद्दल विचारायला मुद्दाम गेलो होतो. मोबाइलवर सुरक्षेचे तारे, मायलेज, सगळे काढून दाखवले. त्याने पाहिलेही नाही. "गाडी कोनतीही चांगलीच राहते. अहेरीले, रविवारी, पावसात, तिचा पार्ट भेटते का, थे पहा." पुढे म्हणाला, "आणि खाली किती उंच आहे थे पहा. गाडी लांब किती याले कोन इचारते इथे?"

सरकार लांबी मोजते, मिस्त्री जमिनीपासूनची उंची. सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक जिथून जातात तिथे लाल धुळीत पुढची गाडी दिसत नाही आणि खड्डा दिसतो तेव्हा आपण त्याच्यात असतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागड तुटते, मग गाडी चार मीटरची असो की चाळीस टक्क्यांची, अलीकडेच उभी राहते. आणि त्याहून आत अशी गावे आहेत की आजारी माणसाला खाटेची कावड करून आणतात. एटापल्ली तालुक्यात वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा रस्त्यावर पहिली एसटी धावली ती १ जानेवारी २०२५ ला. मुख्यमंत्री स्वतः गेले होते. सुरजागडच्या लोखंडाचा डोंगर याच तालुक्यातून आधी बाहेर पडायला लागला, एसटी नंतर आत आली. त्या डोंगरातले थोडे लोखंड फिरत फिरत माझ्या गाडीच्या पत्र्यातही आले असेल, कोण जाणे. आले असेल तर ते मी गावी परत नेतोय, असे मुलीला सांगून पाहिले. तिने नुसते हात जोडले.

वाद मिटवायची युक्ती शेवटी तिनेच काढली. तिच्या कामाच्या वाटेवर मेंढा-लेखा आहे. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये १८०९ हेक्टर जंगलाचा हक्क, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपणच विकण्याचा वाहतूक परवाना गावाच्या हाती. तिथे मतदान होत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी रुजवलेली रीत अशी की आधी अभ्यासगट बसतो, विषय सगळ्या बाजूंनी समजून घेतो, आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलायचा. "आपणही तसंच करू," मुलगी म्हणाली.

जंगलासाठी ही पद्धत उत्तम आहे. तिथे झाडे थांबायला तयार असतात. आमच्या अभ्यासगटाच्या अकरा बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला मेहुणा रंगासाठी अडला. पाचवीत बायकोने मांडले की इतके दिवस एसटीने फिरतोच आहोत, तिला अर्धे तिकीट लागते, कंबरही बरी आहे, तेव्हा गाडी हवीच का? हा प्रश्न इतका मूलभूत होता की दोन बैठका त्यातच गेल्या. आठव्या बैठकीला मी कंटाळून मतदान सुचवले तर तिघांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी ग्रामसभेत दारूचे दुकान मागितले. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे या उपमेचे वजन वाचकाने समजून घ्यावे.

अकराव्या बैठकीला सहमती झाली. कशी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा सगळेच दमले होते. कोणती गाडी घेतली तेही सांगत नाही. नाव सांगितले की ऐकणारा हमखास 'मग ती दुसरी का नाही घेतली' म्हणतो, आणि बारावी बैठक घ्यायची माझ्यात ताकद नाही. एवढे सांगतो की तिची लांबी ३९९५ आहे, जमिनीपासून बऱ्यापैकी उंच आहे, तिचा पार्ट अहेरीला मिळतो. चौऱ्यांशी लाखांऐवजी सत्याहत्तर लाख पानांत पडली. मुलीने आकडा तपासला आणि सही करावी तशी मान हलवली.

डिसेंबरात पहिल्यांदा लांब निघालो, चंद्रपूरहून गडचिरोली. मेहुणा मागे बसला होता आणि त्याच्या कंपनीचा एक गुंडाळलेला पडदा, बांबूच्या दांड्यासकट, डिकीतून दोन हात बाहेर आला होता. दांड्याच्या टोकाला त्याने लाल फडके बांधले होते. चार मीटर केव्हाच मोडले होते. व्याहाडच्या फाट्यावर एक म्हातारी हात करून उभी होती. पोपटाच्या शेंगांचे बोचके, पायात स्लिपर, डोक्यावर ऊन. थांबलो. तिने बोचके आधी आत दिले, मग स्वतः चढली, आणि दार लावायच्या आधीच विचारले,

"गडचिरोलीचे किती घेता?"

"काही नाही आजी, बसा."

"तसा नको," ती म्हणाली. वीसची नोट तिने आधीच मुठीत तयार ठेवली होती. "सांगा बापा, किती?"

मी आरशातून मुलीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. ऐपतीप्रमाणे, अंतराप्रमाणे, की इंजिनाच्या सीसीप्रमाणे? बारा वर्षे दर ठरवलेले होते मी. तोंडात आले ते बोलून टाकले, "द्या चाळीस."

म्हातारीने नोट परत कमरेला खोचली. बोचके मांडीवर घट्ट धरले आणि बायकोकडे वळून म्हणाली,

"सांग ना वं बाई याले. येष्टीत आमाले अर्धंच लागते."

बायकोने पर्स उघडली. आत वर टेप होती. ती बाजूला सारून तिने हात पुढे केला आणि वीस रुपये घेतले.